‘नेट स्लो आहे’ म्हणण्याआधी: डाऊनलोड आणि अपलोडचा वेग नीट मोजण्याची पद्धत

‘शंभरचा प्लॅन घेतला, पण फाईल उतरताना बाराच्या वर जातच नाही.’ नागपुरात मानेवाड्यापासून जरीपटक्यापर्यंत कुठेही ऐकू येणारी ही तक्रार. बहुतेक वेळा त्या जोडणीत काहीच बिघडलेलं नसतं. उलट ज्यांची जोडणी खरोखर बिघडलेली असते ते मोबाईलवर एकदा स्पीड टेस्ट करतात, मोठा आकडा दिसला की समाधान मानतात, आणि मग लग्नाचं फुटेज पुण्याच्या एडिटरला पाठवताना रात्र रात्र जागतात. दोघांचीही चूक सारखीच आहे. आपण काय मोजतोय आणि कुठून कुठपर्यंत मोजतोय, हे त्यांनी ठरवलेलंच नसतं.

पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. प्रत्येक टप्पा एकेक संशयित बाजूला काढतो. तारेवरची मोजणी सोडून थेट वायफाय तपासायला घेतलंत, तर दोष राऊटरचा, भिंतीचा की कंपनीचा हे शेवटपर्यंत कळणार नाही.

## टप्पा १: बिट आणि बाइटचा हिशेब

कंपनी वेग सांगते तो मेगाबिट प्रति सेकंदात, म्हणजे एमबीपीएसमध्ये. फाईलचा आकार मात्र मेगाबाइटमध्ये, म्हणजे एमबीमध्ये असतो. ८ बिट मिळून १ बाइट होतो. म्हणून १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ एमबी येऊ शकतात. त्यातही माहितीच्या प्रत्येक तुकड्याबरोबर पत्ता आणि नियंत्रणाचा मजकूर जातो, त्यामुळे हातात सेकंदाला ११ ते १२ एमबी पडतात. ब्राउझरमध्ये फाईल उतरताना दिसणारा आकडा एमबीचा असतो आणि स्पीड टेस्टमध्ये दिसणारा एमबीपीएसचा. दोन्ही खरे असतात, पण त्यांची तुलना ८ ने गुणल्याशिवाय करता येत नाही.

वेळ काढण्याचं सूत्र:

फाईलचा आकार (एमबी) × ८ ÷ वेग (एमबीपीएस) = सेकंद

आलेल्या उत्तरात दहा टक्के वाढवा, म्हणजे आकडा व्यवहाराच्या जवळ जाईल. ४ जीबीची फाईल १०० एमबीपीएसने उतरवायला ४००० × ८ ÷ १०० = ३२० सेकंद, म्हणजे सव्वापाच मिनिटं; सहा धरा. तीच फाईल २० एमबीपीएसने वर चढवायची तर १६०० सेकंद, म्हणजे जवळपास अर्धा तास. फाईल तीच, घर तेच, आणि वेळ पाचपट. हा फरक पुढे टप्पा ६ मध्ये पुन्हा लागेल.

विंडोज १ जीबी म्हणजे १०२४ एमबी धरतं, मॅक १००० धरतं. त्यामुळे एकाच फाईलचा आकार दोन संगणकांवर थोडा वेगळा दिसतो. वेगाचा अंदाज काढताना हा फरक सोडून दिला तरी चालेल.

तपासा: एखादी मोठी फाईल उतरत असताना ब्राउझरमधला आकडा बघा, त्याला ८ ने गुणा. उत्तर प्लॅनच्या ८५ ते ९५ टक्क्यांत बसत असेल तर डाऊनलोडची तक्रार इथेच संपली.

## टप्पा २: प्लॅनमध्ये खरंच काय लिहिलंय

पावती किंवा कंपनीचं अ‍ॅप उघडा आणि चार गोष्टी वहीत लिहा. नेटवाल्याने तोंडी सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका.

पहिली गोष्ट डाऊनलोडचा वेग. दुसरी, अपलोडचा वेग. जाहिरातीत बहुधा पहिलाच छापलेला असतो. घरापर्यंत फायबर असलेल्या अनेक प्लॅनमध्ये दोन्ही वेग सारखे मिळतात, पण सगळ्यांत नाही. टीव्हीच्या जुन्या केबलवरून येणारं इंटरनेट किंवा गच्चीवर अँटेना लावून मिळणारी वायरलेस जोडणी असेल, तर अपलोड बरंच कमी असतं. तिसरी गोष्ट डेटाची मर्यादा. ती संपली की उरलेला महिना वेग काही एमबीपीएसवर येतो. भारतात २०२३ च्या जानेवारीपासून ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान २ एमबीपीएस डाऊनलोड वेग लागतो, आधी ही अट ५१२ केबीपीएसची होती. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात अचानक नेट मंदावत असेल तर राऊटरला हात लावण्याआधी अ‍ॅपमध्ये शिल्लक डेटा बघा. चौथी गोष्ट, ‘पर्यंत’ हा शब्द. ‘१०० एमबीपीएसपर्यंत’ लिहिलेलं असेल तर १०० ही वरची हद्द आहे.

सावधान: अपलोडचा आकडा कुठेच सापडला नाही, तर कंपनीला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर याच उत्तरावर सगळं उभं राहतं.

## टप्पा ३: मोजणीची तयारी

हा टप्पा लोक सर्रास गाळतात आणि मग दर वेळी वेगळा आकडा आला म्हणून गोंधळतात.

१. लॅपटॉप किंवा संगणक, आणि लॅन वायर घ्या. वायरवर ‘कॅट ५ई’ किंवा ‘कॅट ६’ छापलेलं असावं. लॅपटॉपला लॅनचं तोंड नसेल तर यूएसबीला लागणारा लॅन अडॅप्टर घ्या, आणि तो गिगाबिटचा आहे हे विकत घेतानाच पाहा. स्वस्त अडॅप्टर १०० एमबीपीएसवर थांबतात.

२. घरातले बाकीचे मोबाईल आणि टीव्ही वायफायवरून काढा. सर्वांत सोपं म्हणजे मोजणीपुरतं राऊटरचं वायफाय बंद करणं.

३. लॅपटॉपमध्ये मागे काय चालू आहे ते बघा. विंडोज अपडेट, वनड्राइव्ह, गुगल ड्राइव्ह, फोटोंचा बॅकअप, अँटिव्हायरसचं अपडेट. व्हीपीएन, म्हणजे तुमचं इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे फिरवणारी सोय, बंद करा. ऑफिसचं व्हीपीएन चालू ठेवून मोजलेला वेग तुमच्या घरच्या जोडणीचा नसतो.

४. सीसीटीव्ही विसरू नका. क्लाउडवर चित्रण साठवणारा प्रत्येक कॅमेरा दिवसभर थोडं थोडं अपलोड खात असतो. इतवारी-गांधीबागेतल्या दुकानात चार-सहा कॅमेरे असतील आणि अपलोड १० एमबीपीएसचं असेल, तर निम्मं अपलोड तिथेच संपलेलं असू शकतं.

५. राऊटर आणि फायबरची डबी (बाहेरून आलेली फायबरची तार जिला जोडलेली असते ती) बंद करून पुन्हा चालू करा आणि पाच मिनिटं थांबा. उन्हाळ्यात डबी खिडकीजवळ किंवा गच्चीला लागून असलेल्या माळ्यावर असेल तर आधी ती सावलीत हलवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा बंद कपाटात ठेवलेला राऊटर तापून अडखळणारच.

तपासा: फायबरच्या डबीवर ‘पॉन’चा (PON) दिवा स्थिर हिरवा हवा. ‘लॉस’चा (LOS) लाल दिवा लागलेला किंवा लुकलुकत असेल तर प्रकाशच पोहोचत नाही. अशा वेळी मोजणी करू नका, थेट टप्पा ९ गाठा.

## टप्पा ४: तारेवरची मोजणी

लॅन वायर राऊटरला लावा आणि सर्वांत आधी लिंक स्पीड, म्हणजे संगणक आणि राऊटर यांच्यात ठरलेला वेग, बघा. विंडोजमध्ये सेटिंग्जमधल्या नेटवर्कच्या पानावर इथरनेटखाली हा आकडा मिळतो. तिथे १०००/१००० दिसायला हवं. १००/१०० दिसत असेल आणि प्लॅन १०० च्या वरचा असेल, तर उरलेला वेग तुमच्याच घरात अडतोय.

याची एक ठरलेली खूण आहे. प्लॅन २०० किंवा ३०० चा असतो आणि स्पीड टेस्ट कितीही वेळा केली तरी ९४-९५ च्या पुढे सरकत नाही. असा न हलणारा ९४ दिसला की जवळजवळ नेहमी कारण तीनपैकी एक असतं: राऊटरची लॅन तोंडं १०० एमबीपीएसची आहेत, अडॅप्टर तसा आहे, किंवा वायरमधल्या आठपैकी एखादी बारीक तार तुटली आहे. १०० एमबीपीएसला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. म्हणून दाराच्या फटीत चेपलेली वायर ‘चालते’, पण फक्त शंभरने. वायर बदलून बघणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, तोच आधी करा.

लिंक बरोबर असेल तर मोजणी सुरू करा.

१. स्पीडटेस्ट डॉट नेटवर चाचणी घ्या. ती आपोआप जवळचा सर्व्हर निवडते, बहुधा नागपुरातला आणि अनेकदा तुमच्याच कंपनीचा. इथे कळतो तो तुमच्या घरापासून कंपनीपर्यंतचा वेग.

२. लगेच सर्व्हर बदलून मुंबईचा निवडा आणि पुन्हा मोजा.

३. मग फास्ट डॉट कॉम उघडा. ती नेटफ्लिक्सची चाचणी आहे आणि नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून मोजते. सुरुवातीला फक्त डाऊनलोड दाखवते. अपलोड पाहायला ‘अधिक माहिती’चं बटण दाबावं लागतं.

४. तिन्ही आकडे, पिंग आणि वेळ लिहून ठेवा.

नागपूरचा सर्व्हर ९५ दाखवतो, मुंबईचाही ९० दाखवतो आणि फास्ट डॉट कॉम ३० वर अडकतं, असं झालं तर तुमची तार आणि डबी निर्दोष आहेत. गर्दी कंपनीच्या बाहेर जाणाऱ्या वाटेवर आहे. पहिलाच आकडा कमी आला तर दोष गल्लीत किंवा घरात. एकाच चाचणीवर निष्कर्ष काढायचा नाही तो यासाठी.

पिंग म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. फायबर त्याच्या कडेने सरळ गेली असं धरलं तरी मुंबईला जाऊन-येऊन किमान ७ मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात वाट वाकडी असते आणि मध्ये यंत्रं असतात, म्हणून १५ ते ३० आला तर उत्तम समजा. प्लॅन शंभरवरून तीनशेचा केल्याने हा आकडा खाली येत नाही. अमेरिकेतल्या सर्व्हरचा पिंग २०० च्या पुढे असतो आणि त्यालाही इलाज नाही.

आता वेळेबद्दल. दुपारी मोजलं तेवढ्यावर थांबू नका. घरगुती फायबरच्या प्रचलित पद्धतीत एका फायबरचे फाटे करून ३२ किंवा ६४ घरांना जोडणी देतात, आणि त्या सगळ्यांत मिळून सुमारे २.५ गिगाबिट डाऊनलोड आणि १.२५ गिगाबिट अपलोड वाटलेलं असतं. दुपारी पुरेसं, रात्री नऊला ओढाताण. म्हणून तीन वेळा मोजा: सकाळी सहा-सातच्या सुमारास, दुपारी, आणि रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान. किमान तीन दिवस.

सावधान: हीच चाचणी मोबाईल डेटावर वारंवार करू नका. ३०० एमबीपीएसच्या ५जीवर दहा सेकंदांचं डाऊनलोड मोजायला ३७५ एमबी खर्ची पडतात. अपलोड वेगळं.

नेहमीच्या चुका: डीएनएस बदलणं, ब्राउझरचा कॅश पुसणं, ‘स्पीड बूस्टर’ अ‍ॅप टाकणं. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा; ती बदलल्याने पान उघडायला लागणारा पहिला क्षण कमी होऊ शकतो, पण फाईल उतरण्याचा वेग वाढत नाही. बूस्टर अ‍ॅप तर फोनवर ठेवूच नका.

## टप्पा ५: वायफाय

तारेवर वेग बरोबर मिळाला, तरच इथे या.

घरातल्या राऊटरवर बहुधा दोन पट्टे असतात: २.४ गिगाहर्ट्‌झ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. पहिला लांब जातो, भिंती ओलांडतो, पण गर्दीने भरलेला असतो. मनीषनगर किंवा बेसाच्या कुठल्याही इमारतीत फोन उघडा, शेजारच्या दहा-पंधरा घरांची नावं दिसतील. त्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनेल फक्त तीन: १, ६ आणि ११. फोन २.४ वर जोडलेला असेल तर लिंक स्पीड अनेकदा ७२ एमबीपीएस दिसतो आणि हातात त्याच्या निम्मा पडतो. ५ गिगाहर्ट्‌झवर साधा फोनसुद्धा ४३३ चा दुवा जोडतो आणि जवळ बसलं तर दोनशेच्या वर देतो. पण तो एका जाड भिंतीतच दमतो. महालातल्या जुन्या वाड्यांच्या दीड-दोन फुटी भिंतींपलीकडे तो पोहोचेल अशी अपेक्षाच ठेवू नका. तिथे पलीकडच्या खोलीत लॅन वायर नेऊन दुसरा राऊटर लावणं हाच पक्का उपाय.

मोजताना तीन जागा घ्या: राऊटरपासून दोन मीटरवर, रोजच्या कामाच्या टेबलावर, आणि सर्वांत लांबच्या खोलीत. तिन्ही ठिकाणी फोन कोणत्या पट्ट्यावर आहे ते लिहा. दोन मीटरवर नीट आणि टेबलावर अर्धा, तर कंपनीला फोन करून काही होणार नाही. राऊटर हलवा.

इथे आपल्या शहराची एक खास अडचण सांगायलाच हवी. उन्हाळा लागला की खिडकीत लोखंडी पत्र्याचा कूलर बसतो. राऊटर खिडकीच्या बाजूला आणि टेबल कूलरच्या पलीकडे असेल, तर मधे पत्र्याची आणि पाण्याची भिंत उभी राहते. धातू लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषतं. मार्चपर्यंत चांगलं चालणारं वायफाय एप्रिलमध्ये अचानक का ढासळलं, याचं उत्तर बऱ्याच घरांत खिडकीतच असतं. राऊटर खोलीच्या आतल्या बाजूला, छातीच्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. फ्रीजवर, टीव्हीमागे किंवा लोखंडी कपाटात नको. मायक्रोवेव्ह चालू असताना २.४ चा पट्टा बिघडतो, त्यामुळे स्वयंपाकघराशेजारी बसून काम करणाऱ्यांनी ५ वरच राहावं.

## टप्पा ६: अपलोडकडे वेगळं लक्ष द्या

माझ्या मते नव्वद टक्के घरांत मोजायला हवं ते हेच, आणि नेमकं तेच कुणी बघत नाही. फाईल पाठवणं, व्हिडिओ कॉलवर आपला चेहरा समोरच्याला दिसणं, फोटोंचा बॅकअप, कॅमेऱ्याचं चित्रण, धंतोलीतल्या सेंटरमधून डॉक्टरांना जाणारा स्कॅन, मिहानमधल्या नोकरीचं घरून चालणारं काम, हे सगळं अपलोडवर चालतं. सिनेमा पाहणं तेवढं डाऊनलोडवर.

४० जीबीचं लग्नाचं फुटेज घ्या आणि टप्पा १ चं सूत्र लावा:

- ५ एमबीपीएस अपलोड: सुमारे पावणेअठरा तास
- २० एमबीपीएस: साडेचार तास
- १०० एमबीपीएस: ५३ मिनिटं

तिघांच्याही प्लॅनवर डाऊनलोड १०० च लिहिलेलं असू शकतं.

मोबाईल डेटावर ही दरी आणखी मोठी असते. ५जीच्या ज्या लहरींवर मोठा वेग मिळतो, तिथे डाऊनलोड आणि अपलोड एकाच पट्ट्यावर आळीपाळीने चालतात, आणि कंपन्या बहुतांश वेळ डाऊनलोडला देतात. त्यातच टॉवर मोठ्या ताकदीने बोलतो आणि आपला फोन छोट्या बॅटरीवर. म्हणून ३०० डाऊनलोड आणि १५ अपलोड असा आकडा दिसला तर फोन बिघडला असं समजू नका. हॉटस्पॉटवरून मोठी फाईल पाठवायचीच असेल तर घराच्या आत बसू नका, टॉवरच्या दिशेच्या खिडकीशी जा. अपलोडला सिग्नलचा फरक डाऊनलोडपेक्षा जास्त जाणवतो.

आता एक गोष्ट जी कळली की कोडी सुटतात. अपलोड पूर्ण भरलं की डाऊनलोडही मंदावतं. फाईल उतरवताना तुमचा संगणक दर थोड्या वेळाने ‘मिळालं, पुढचं पाठवा’ अशी पोच परत पाठवत असतो. ती पोच अपलोडच्या वाटेने जाते. त्या वाटेवर फोटोंचा बॅकअप रांग लावून उभा असेल तर पोच अडकते आणि समोरचा सर्व्हर पाठवणं कमी करतो. घरात कुणाचा तरी फोन चार्जिंगला लागला, बॅकअप सुरू झाला, आणि दुसऱ्या खोलीतला वर्ग किंवा मीटिंग अडखळू लागली, ही त्याची रोजची खूण.

हे मोजण्याची पद्धत सोपी आहे. फास्ट डॉट कॉमच्या ‘अधिक माहिती’त दोन पिंग दिसतात, एक मोकळ्या जोडणीचा आणि एक भाराखालचा, म्हणजे जोडणी पूर्ण वापरात असतानाचा. स्पीडटेस्ट डॉट नेट डाऊनलोड आणि अपलोड दोन्ही वेळचे वेगळे दाखवतं. मोकळा २० आणि भाराखाली ४०-५० असेल तर चांगलं. मोकळा २० आणि अपलोडच्या भाराखाली ४०० असेल, तर फाईल पाठवताना त्या घरात व्हिडिओ कॉल होणार नाही, डाऊनलोड कितीही असो.

उपाय: अपलोड करणाऱ्या प्रोग्रॅमला मर्यादा घाला. गुगल ड्राइव्ह आणि वनड्राइव्हच्या संगणकावरच्या आवृत्त्यांत अपलोडचा वेग ठरवता येतो. मोजलेल्या अपलोडच्या ७० ते ८० टक्क्यांवर ठेवा. राऊटरमध्ये ‘क्यूओएस’ची (QoS, कोणत्या कामाला किती वेग द्यायचा ते ठरवण्याची) सोय असेल तर तिथेही हीच मर्यादा घालता येते.

तपासा: एका बाजूला मोठी फाईल चढवायला लावा आणि त्याच वेळी व्हिडिओ कॉल करा. आवाज तुटत नसेल तर मर्यादा बरोबर बसली.

## टप्पा ७: समोरचा सर्व्हर

तारेवर वेग आहे, वायफायवर आहे, अपलोड आहे, तरी एकाच साइटवरून फाईल रेंगाळते. तेव्हा दोष बहुधा त्या साइटचा. अनेक साइट एका जोडणीला ठरावीक वेगापेक्षा जास्त देतच नाहीत. स्पीड टेस्ट एका वेळी अनेक जोडण्या उघडून मोजते, साधं डाऊनलोड मात्र एकाच जोडणीवर चालतं, आणि सर्व्हर परदेशात असेल तर पोच जाऊन-येऊन दोनशे-तीनशे मिलिसेकंद लागल्याने एक जोडणी पूर्ण वेग गाठू शकत नाही. एकाच वेळी दोन वेगळ्या साइटवरून फाईल उतरवून बघा. दुसरी सुसाट गेली तर तुमचं नेट ठीक आहे.

प्रवेशाच्या आणि भरतीच्या फॉर्मबाबत हे नीट लक्षात ठेवा. ५० केबीचा फोटो चढवायला १ एमबीपीएसचं अपलोडसुद्धा अर्ध्या सेकंदात पुरतं. शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी तो चढत नसेल तर सर्व्हरवर गर्दी झालेली असते, किंवा फोटोचा आकार आणि प्रकार नियमात बसत नसतो. अशा वेळी बर्डीच्या सायबर कॅफेत धावत जाण्याने वेळच जातो. पहाटे पाचला भरा. त्याहून बरं म्हणजे शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधी भरा. फॉर्मचं पान उघडण्याआधी फोटो, सही आणि दाखले योग्य आकारात एका फोल्डरमध्ये तयार ठेवा, कारण पान बराच वेळ उघडं राहिलं की सत्र संपतं आणि सगळं पुन्हा भरावं लागतं.

## टप्पा ८: मोठी फाईल पाठवताना

१. आधी सूत्राने वेळ काढा. मग वाट निवडा. जीमेलला २५ एमबीपर्यंतच जोडता येतं, आणि जोडलेली फाईल मेलमध्ये जाताना सुमारे एक तृतीयांशाने फुगते, म्हणून १८-२० एमबीच्या वर प्रयत्नच करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून २ जीबीपर्यंत जातं आणि दर्जा टिकतो; गॅलरीतून साधा व्हिडिओ पाठवलात तर तो दाबला जातो. गुगलच्या मोफत खात्यात १५ जीबी मिळतात, पण त्यात मेल आणि फोटोही मोजले जातात.

२. व्हिडिओ झिप करून लहान होत नाहीत, ते आधीच दाबलेले असतात. पण हजारो छोटे फोटो असतील तर झिप जरूर करा. प्रत्येक फाईलमागे सर्व्हरशी वेगळी बोलणी होते, त्यात फाईलपेक्षा जास्त वेळ जातो. २ ते ४ जीबीचे भाग करा, म्हणजे एखादा भाग मध्येच तुटला तर तेवढाच पुन्हा पाठवावा लागेल.

३. ब्राउझरमधून ४० जीबी चढवू नका. टॅब बंद झाली की सगळं गेलं. संगणकावर टाकायचं ड्राइव्हचं अ‍ॅप वापरा, ते तुटलेल्या जागेपासून पुढे सुरू करतं.

४. लॅपटॉप चार्जरवर ठेवा आणि झोपण्याची वेळ ‘कधीच नाही’ करा. रात्री लावलेलं अपलोड सकाळी १२ टक्क्यांवर दिसण्याचं सर्वांत मोठं कारण हेच असतं.

५. राऊटर आणि फायबरची डबी, दोन्ही इन्व्हर्टरवर आहेत का बघा. एकच असेल तर उपयोग नाही.

६. रात्री अकरानंतर लावा.

तपासा: चढल्यावर फाईलचे बाइट मूळ फाईलशी जुळतात का बघा. दुसऱ्याच्या फोनवर लिंक उघडून बघा, परवानगी दिलेली नसणं ही नेहमीची चूक. हे होईपर्यंत कॅमेऱ्याचं कार्ड पुसायचं नाही.

हिशेब करताना एक हद्दही ठरवा. ५०० जीबी २० एमबीपीएसने पाठवायला ५५ तास लागतात. नागपूरहून पुण्याला रात्रीची बस सकाळी पोहोचते. अशा वेळी एक प्रत घरी ठेवून दुसरी हार्ड डिस्क पाठवणं हाच शहाणपणाचा निर्णय, आणि अनेक फोटोग्राफर तो घेतात.

## टप्पा ९: तक्रार अशी करा की काम होईल

‘नेट स्लो आहे’ एवढंच सांगितलंत तर ‘राऊटर बंद करून चालू करा’ एवढंच उत्तर मिळेल. तक्रारीत हे लिहा: प्लॅनचा डाऊनलोड आणि अपलोड वेग, लॅन वायरवर मोजलेले तीन दिवसांचे आकडे वेळेसह, लिंक स्पीड १००० होता ही नोंद, नागपूर आणि मुंबई सर्व्हरचे वेगळे निकाल, भाराखालचा पिंग. सोबत स्क्रीनशॉट. वायफायवर मोजलेला एकही आकडा त्यात घालू नका, तो दिसला की बोलणं भिंतीवर आणि अंतरावर घसरतं.

तक्रारीचा क्रमांक घ्या आणि जपून ठेवा. माणूस घरी आला की त्याला फायबरचा प्रकाश मोजायला सांगा. आकडा डीबीएममध्ये (प्रकाशाच्या ताकदीचं माप) उणे असतो. साधारण उणे १५ ते उणे २५ च्या दरम्यान असेल तर ठीक; उणे २७ च्या आसपास किंवा त्याहून खाली असेल तर डबी काठावर आहे. मग वायर कुठे दुमडली आहे, गच्चीवरचा जोड उघडा पडला आहे का, हे त्याच्याकडून बघून घ्या. पावसाळ्यात आणि वादळानंतर हे जास्त होतं. दुरुस्तीनंतर तो माणूस घरात असतानाच तारेवर पुन्हा मोजा, त्याच्या फोनवर दाखवलेला आकडा चालणार नाही.

मुदतीत काम झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे अपील करता येतं. पत्ता आणि मेल कंपनीच्या संकेतस्थळावर असतो आणि तिथे तक्रारीचा क्रमांक मागतात. ट्राय ही नियामक संस्था एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, त्यामुळे पहिलं पत्र तिकडे धाडून दिवस घालवू नका.

आणि कंपनी बदलायचीच असं ठरलं, तर आधी शेजाऱ्याकडे त्या कंपनीचं रात्री नऊचं अपलोड मोजून घ्या. नवी जोडणी महिनाभरासाठीच घ्या, वर्षाचे पैसे एकदम भरू नका. टप्पा ४ आणि ६ ची मोजणी नव्या जोडणीवर तीन रात्री करा, आणि आकडे जुळले की मगच जुनी बंद करायचा अर्ज द्या.